ग्राहकांची यादी नव्या सीआरएमवर नेताना खरा खर्च किती?

सीआरएम विकणाऱ्यांच्या कोटेशनमध्ये शेवटी कुठेतरी ‘डेटा मायग्रेशन: फ्री’ अशी एक ओळ असते. छोट्या व्यावसायिकाला ती वाचून हायसं वाटतं आणि त्याचं अंदाजपत्रक नेमकं तिथेच चुकतं. त्या ‘फ्री’त सहसा एवढंच येतं की कंपनी तुम्हाला एक्सेलचा साचा देते, तुम्ही त्यात सगळे ग्राहक नीट भरून द्यायचे आणि त्यांचा माणूस ती फाइल चढवून देणार. फाइल चढवायला थोडा वेळ पुरतो. साचा नीट भरण्याचं काम मात्र कित्येक दिवस चालतं, आणि तो खर्च कोटेशनमध्ये नसतो कारण तो तुमच्या दुकानात, तुमच्या माणसांच्या पगारातून होतो.

हा खर्च ग्राहकांच्या संख्येवर फारसा अवलंबून नसतो. नोंदी किती अस्वच्छ आहेत आणि त्यांच्यामागचा किती इतिहास सोबत न्यायचा, यावर तो ठरतो. स्वच्छ वीस हजार नोंदी एखाद्या दिवसात नव्या घरी पोचतात. वेगवेगळ्या वह्या, टॅली, मोबाइल आणि जुन्या सॉफ्टवेअरमध्ये विखुरलेल्या दोन हजार नोंदी महिना खाऊ शकतात. म्हणून ‘एका नोंदीला इतके पैसे’ असा दर कुणी सांगितला तर त्यावर भरवसा ठेवू नये. तुमचा डेटा उघडून न बघता दिलेला कोणताही भाव हा अंदाजच असतो.

पुढचा सगळा विचार पाच-दहा माणसांच्या व्यवसायासाठी आहे. आरओ किंवा इन्व्हर्टरची विक्री-सेवा करणारी एजन्सी, खाजगी क्लास, ट्रॅव्हल्स, फर्निचरचं दुकान, अशा ठिकाणी ग्राहक परत परत येतो आणि त्याची आठवण ठेवण्यावरच धंदा चालतो.

हलवायची गरज आहे का?

तुमचे चालू ग्राहक तीनशेच्या आत असतील तर मायग्रेशनच्या फंदात पडूच नका. एक नोंद हाताने भरायला तीन मिनिटं धरली तर तीनशे नोंदींना पंधरा तास लागतात. ऑफिसातल्या एका माणसाचं ते दोन दिवसांचं काम आहे, आणि भरता भरता प्रत्येक ग्राहकावर एकदा नजरही फिरते. इतक्या लहान यादीसाठी बाहेरच्या माणसाला पैसे देणं मला पटत नाही.

सॉफ्टवेअरचंही तसंच. झोहो सीआरएमची फुकट आवृत्ती तीन वापरकर्त्यांपर्यंत चालते, ओडूचं कोणतंही एक अ‍ॅप फुकट वापरता येतं. व्हीटायगर किंवा सुइटसीआरएमच्या मुक्त आवृत्तीला परवान्याचे पैसे नाहीत, पण सर्व्हरचं भाडं, बॅकअप आणि अपडेट सांभाळणारा माणूस यांचे आहेत. घरात किंवा ओळखीत तसा माणूस नसेल तर ते फुकट सॉफ्टवेअर वर्षभरात विकतच्यापेक्षा महाग पडतं. सशुल्क प्लॅनचे भाव बदलत राहतात, त्यामुळे ज्या दिवशी ठरवाल त्या दिवशी कंपनीच्या साइटवर रुपयांतला दर बघा आणि तो जीएसटीसह आहे की जीएसटी सोडून, हे विचारा. बहुतेक ठिकाणी तो सोडून असतो आणि वर १८ टक्के लागतात.

एक नमुना हिशोब

समजा नाशिकमध्ये आरओ विकणारी आणि त्यांचे वार्षिक देखभाल करार, म्हणजे एएमसी, सांभाळणारी एक एजन्सी आहे. सीआरएम वापरणारी माणसं पाच. टॅलीत उधारीच्या पार्ट्यांची लेजर, जुन्या ऑनलाइन सॉफ्टवेअरमध्ये सर्व्हिसच्या नोंदी, शिवाय मालकाच्या फोनमधले नंबर. सगळं मिळून सात हजार ओळी. त्यातल्या अनेक एकाच ग्राहकाच्या दोन-दोन, तीन-तीन.

नव्या सीआरएमचं भाडं माणशी महिना ८०० रुपये धरू. पाच जणांचे वर्षाचे ४८,००० झाले आणि जीएसटीचे ८,६४० वर. तुम्ही नियमित जीएसटी भरत असाल तर ही वरची रक्कम क्रेडिटमध्ये परत मिळते. कंपोझिशनमध्ये असाल तर मिळत नाही, तेव्हा तो खर्च समजून धरा.

आता हलवण्याचा खर्च. सात हजार ओळींपैकी बऱ्याच एक्सेलच्या सूत्रांनी सुधारता येतात. पाचातल्या एका ओळीला माणसाची नजर लागते असं मानलं तर १,४०० ओळी होतात, आणि दोन मिनिटांच्या हिशोबाने जवळजवळ ४७ तास. त्यातल्या तीनशे ग्राहकांना फोन करून खात्री करावी लागेल, चार मिनिटांचा एक फोन धरला तर २० तास. महिना १५,६०० रुपये पगार, २६ दिवस, रोज आठ तास या हिशोबाने कर्मचाऱ्याचा तास ७५ रुपयांना पडतो. म्हणजे साफसफाईचे साधारण ५,००० रुपये. यातल्या स्वस्त बाबींपैकी ही एक आहे आणि सगळ्यात जास्त काटकसरही लोक इथेच करतात.

जुन्या-नव्याची सांगड घालणारा, चाचणी घेणारा तंत्रज्ञ २५ तास आणि तासाला ८०० रुपये, म्हणजे २०,०००. जुनं सॉफ्टवेअर दोन महिने समांतर चालू ठेवायचं, त्याचे ५,०००. पाच माणसांना प्रत्येकी आठ तास शिकवायचं, तासाला सरासरी १०० रुपये धरून ४,०००. आणि मालकाचे तीस तास. हे तास कुणी मोजत नाही, पण कोणता ग्राहक ठेवायचा, कोणता सोडायचा, दोन पाटील एकच की वेगळे, हे मालकाशिवाय कुणी ठरवू शकत नाही. तासाला ४०० धरले तरी १२,०००. बेरीज ४६,०००. वर १५ टक्के अडीअडचणीला धरले की साधारण ५३,००० रुपये.

म्हणजे या नमुन्यात हलवण्याचा एकदाचा खर्च वर्षभराच्या भाड्यापेक्षा थोडा जास्तच भरतो, आणि पहिल्या वर्षी जीएसटी सोडून एक लाखाची तयारी ठेवावी लागते. तुमचे दर वेगळे असतील, आकडे बदलून घ्या. पण कुठलीही ओळ गाळू नका, विशेषतः मालकाच्या वेळेची.

पैसे वाचतात ते साफसफाईत

गहू निवडल्याशिवाय गिरणीत कुणी देत नाही. डेटाचंही तसंच आहे: चाळण आधी, चढवणं नंतर. नव्या सीआरएममध्ये गेल्यावर साफ करू, असं म्हणणाऱ्याला तेच काम दुप्पट वेळात करावं लागतं, कारण तोवर त्या चुकीच्या नोंदींवर नवी बिलं आणि नव्या भेटी चढलेल्या असतात.

नावापासून सुरुवात करा. जुन्या वहीत किंवा टॅलीत नावाचा एकच रकाना असतो आणि त्यात ‘पाटील संजय भीमराव’, ‘सौ. देशमुख मॅडम (दत्त मंदिर)’, ‘मे. साई एंटरप्रायझेस’ आणि ‘नाना फिटर’ शेजारीशेजारी बसलेले असतात. झोहो आणि सेल्सफोर्स या दोन्हींत संपर्काच्या नोंदीला आडनावाचा रकाना सक्तीचा आहे. त्यामुळे पाटलांचं आडनाव आधी आलंय हे ओळखून ते योग्य जागी न्यावं लागतं, देशमुख मॅडमच्या कंसातलं मंदिर पत्त्यात हलवावं लागतं, साई एंटरप्रायझेस व्यक्तीच्या नाही तर कंपनीच्या यादीत जातं, आणि नाना फिटरचं आडनाव शोधावं लागतं. नाहीतर ती ओळ नाकारली जाते. काही सॉफ्टवेअर अशा ओळी वगळून पुढे जातं आणि शेवटी वगळलेल्यांची फाइल देतं. ती फाइल उघडून बघणं कुणाचं काम, हे आधी ठरलेलं हवं.

दुहेरी नोंदी शोधताना नावावर विसंबू नका. इंग्रजीत ज्ञानेश्वर कुणी डी-एन-वायने लिहितो तर कुणी जी-वायने, आणि संगणकाला ती दोन माणसं वाटतात. मोबाइल नंबर जास्त खात्रीचा, पण त्यालाही अपवाद आहेत: बापाचाच नंबर मुलाच्या दुकानाला दिलेला असतो, सोसायटीच्या दहा फ्लॅटना एका सेक्रेटरीचा नंबर असतो. म्हणून नंबर आणि पत्ता दोन्ही जुळले तरच नोंदी एकत्र करा, फक्त नंबर जुळला तर माणसाने बघायचं. व्यापारी ग्राहकांसाठी जीएसटी नंबर सगळ्यात भरवशाचा. त्याची १५ अक्षरं असतात, पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्राचा २७, गोव्याचा ३०) आणि पुढची दहा अक्षरं पॅनची. पॅन तेच आणि पहिले दोन अंक वेगळे असतील तर ती एकाच पार्टीची दुसऱ्या राज्यातली शाखा आहे. अशा नोंदी एकत्र करू नयेत, पण एकमेकींना जोडाव्यात.

यानंतर येतं एक्सेल, आणि इथे मी जरा थांबणार आहे, कारण भरून न येणारं नुकसान बहुतेकदा इथेच होतं. जुन्या सॉफ्टवेअरमधून आलेली सीएसव्ही फाइल डबल-क्लिक करून उघडली की एक्सेल स्वतःच्या समजुतीने आकडे बदलतं. नाशिकच्या लँडलाइनचा ०२५३ मधला पहिला शून्य उडतो. ९१ लावलेला बारा आकडी मोबाइल ‘९.१९ई+११’ असा दिसायला लागतो, आणि तशाच अवस्थेत फाइल पुन्हा सीएसव्ही म्हणून सेव्ह केली तर दिसतं तेच जतन होतं, मूळ नंबर कायमचा जातो. ०५/०८/२०२४ ही तारीख संगणकाच्या सेटिंगप्रमाणे ५ ऑगस्ट किंवा ८ मे होऊन बसते, आणि ती चूक उघडपणे दिसत नाही, कारण दोन्ही तारखा खऱ्याच असतात. एएमसीच्या धंद्यात याचा अर्थ ग्राहकाला तीन महिने आधी किंवा उशिरा आठवण जाणं. यावर उपाय साधा आहे. फाइल डबल-क्लिक न करता एक्सेलच्या ‘डेटा’ टॅबमधून आत घ्या, आणि फोन, पिनकोड, तारीख हे रकाने ‘टेक्स्ट’ म्हणून निवडा. तारखा वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहून घ्या, मग गोंधळाला जागाच राहत नाही. मूळ फाइलची एक प्रत वेगळी ठेवा आणि तिला हात लावू नका.

देवनागरीत नोंदी असतील तर आणखी एक काळजी. साध्या ‘सीएसव्ही’ प्रकारात सेव्ह केलं की सगळ्या अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात. ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा पर्याय निवडायचा. आणि ज्यांच्या जुन्या याद्या श्री-लिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएममधल्या जुन्या फाँटमध्ये आहेत, त्यांना त्या आधी युनिकोडमध्ये आणाव्या लागतात. फाँट काढला की त्या नोंदी निरर्थक रोमन अक्षरांसारख्या दिसतात, सीआरएममध्ये त्या शोधता येत नाहीत. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण रफार आणि जोडाक्षरांत चुका राहतात, तेव्हा मराठी नीट वाचणाऱ्या माणसाचे काही तास यासाठी वेगळे धरा. तरुण डेटा-एंट्री ऑपरेटरकडून ‘कुर्‍हाडे’ आणि ‘कऱ्हाडे’ यांत गल्लत होते, म्हणून हे काम गावातली आडनावं माहीत असलेल्या माणसाला द्यावं.

पत्त्यांतल्या खुणा टाकून देऊ नका. नवा साचा शहर, जिल्हा, पिनकोड एवढंच मागतो आणि ‘जुन्या नाक्याजवळ, पिठाच्या गिरणीमागे’ याला त्यात जागा नसते. सर्व्हिसला जाणारा मुलगा मात्र त्यावरच घर शोधतो. ‘जवळची खूण’ असा वेगळा रकाना तयार करा. जवळजवळ प्रत्येक सीआरएममध्ये तसा रकाना वाढवता येतो, फक्त स्वस्त प्लॅनमध्ये वाढीव रकान्यांवर मर्यादा असते. प्लॅन घेण्याआधी ती मर्यादा विचारा.

किती इतिहास न्यायचा?

नाव-नंबर नेणं सोपं. अवघड आणि महाग असतो तो त्यामागचा इतिहास: कोणत्या घरात कोणतं मशीन, कधी बसवलं, करार कधी संपतो, मागच्या भेटीत फिल्टर बदलला का, ग्राहकाची तक्रार काय होती. या चार वेगवेगळ्या याद्या असतात आणि त्या एकमेकींना कुठल्या तरी क्रमांकाने बांधलेल्या असतात. जुन्या सॉफ्टवेअरचा ग्राहक क्रमांक नव्यात चालत नाही. म्हणून आधी ग्राहक चढवायचे, त्यांच्यासोबत जुना क्रमांक एका वेगळ्या रकान्यात ठेवायचा, मग मशीन त्या क्रमांकाने जोडायची, मग करार, सगळ्यात शेवटी भेटी. हा क्रम चुकला की चार हजार भेटी येतात पण त्या कुणाच्या आहेत हे कळत नाही. तंत्रज्ञाचे पैसे खरे या जोडणीसाठी मोजायचे असतात. त्याच्याकडून भाव घेताना ‘किती नोंदी’ असं न विचारता ‘किती याद्या, त्यांच्यातले किती दुवे’ असं विचारा. जो हे समजावून सांगू शकतो तो माणूस कामाचा.

माझं मत स्पष्ट आहे: सगळं नेऊ नका. चालू करार, चालू उधारी, वॉरंटीत असलेली मशीन आणि मागच्या दोन वर्षांच्या भेटी पुरे. त्याआधीचं सगळं एका एक्सेल फाइलमध्ये, जुन्या ग्राहक क्रमांकासह, जपून ठेवा. वर्षातून दोनदा लागलं तर उघडता येतं. फोटो आणि स्कॅन केलेले कागद यांच्या बाबतीत तर आणखी कडक राहा, कारण सीआरएममधली साठवण जागा मोजून मिळते आणि वाढीव जागेला दर महिन्याला पैसे पडतात. बिलं आणि हिशोबाचे कागद जीएसटी कायद्याप्रमाणे वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने सांभाळावे लागतात हे खरं, पण त्यांची जागा टॅलीत आणि सीएच्या फायलीत आहे. त्यासाठी सीआरएमचं भाडं भरायचं कारण नाही.

एक रकाना मात्र काहीही झालं तरी सोबत न्यायचा: ‘मला मेसेज पाठवू नका’ असं सांगितलेल्या ग्राहकांचा. बऱ्याच सॉफ्टवेअरच्या नेहमीच्या एक्स्पोर्टमध्ये तो येत नाही, वेगळा मागावा लागतो. तो राहिला तर ज्यांनी एकदा स्पष्ट नको म्हटलं त्यांनाच तुम्ही पुन्हा त्रास देता.

कोटेशनमध्ये न दिसणारे खर्च

पहिला खर्च बाहेर पडण्याचा. जुन्या कंपनीला ‘आम्ही सोडतोय’ हे सांगण्याआधी पूर्ण एक्स्पोर्ट काढून घ्या. काही सॉफ्टवेअर फक्त नाव-नंबर देतं आणि शेरे, भेटी, जोडलेल्या फायली वेगळ्या मागाव्या लागतात. त्यासाठी पैसे किंवा वरचा प्लॅन मागितला जाऊ शकतो. अ‍ॅडमिन लॉगिन कुणाच्या ईमेलवर आहे तेही आजच तपासा. सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याच्या खाजगी मेलवर असेल तर पासवर्ड बदलायलाही त्याच्याच मागे लागावं लागतं.

दुसरा खर्च एसएमएसचा. धंद्याचे एसएमएस पाठवायला दूरसंचार कंपनीच्या डीएलटी पोर्टलवर तुमची नोंदणी, हेडर आणि संदेशांचे नमुने मंजूर असावे लागतात. ट्रायच्या २०१८ च्या नियमांतून आलेली ही व्यवस्था आहे. नवं सीआरएम वेगळ्या कंपनीमार्फत एसएमएस पाठवत असेल तर त्या कंपनीला पोर्टलवर तुमच्या नोंदणीशी जोडावं लागतं. जोपर्यंत ती जोडणी मंजूर होत नाही तोपर्यंत ‘तुमचा करार संपत आलाय’ हा मेसेज जातच नाही. यात पैसे थोडे जातात, पण दिवस जातात, आणि त्या दिवसांत नूतनीकरण सुटतं. व्हॉट्सअ‍ॅपचा व्यावसायिक एपीआय वापरणार असाल तर तिथे जाहिरातीच्या प्रत्येक संदेशाला वेगळे पैसे आहेत. ते सीआरएमच्या भाड्यात नसतात.

तिसरा परदेशी सॉफ्टवेअरचा. बिल भारताबाहेरच्या कंपनीकडून येत असेल तर कार्डावर परकीय चलनाचा अधिभार लागतो, आणि जीएसटी रिव्हर्स चार्जने तुम्हालाच भरावा लागतो. नियमित करदात्याला त्याचं क्रेडिट मिळतं, कंपोझिशनवाल्याला नाही. हा प्रश्न प्लॅन घेण्याआधी सीएला विचारायचा. आणखी एक बारीक गोष्ट: रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कार्डावरून आपोआप होणारा भरणा १५,००० रुपयांपेक्षा जास्त असेल तर दर वेळी ओटीपी लागतो. वार्षिक भाडं त्यापेक्षा मोठं असेल तर नूतनीकरणाच्या दिवशी तो भरणा गुपचूप अडकतो आणि सोमवारी सकाळी लॉगिन बंद मिळतं. तारीख कॅलेंडरमध्ये लावून ठेवा.

काम कुणाकडे द्यायचं आणि कागदावर काय हवं

तीन पर्याय असतात. सीआरएम कंपनीचा अधिकृत भागीदार, ओळखीतला फ्रीलान्सर, किंवा घरचाच संगणक जाणणारा माणूस. भागीदार महाग असतो, पण ते सॉफ्टवेअर त्याच्या हातातलं असतं. फ्रीलान्सर स्वस्त, मात्र मध्येच दुसऱ्या कामाला लागला तर तुम्ही अधांतरी. वरच्या नमुन्याएवढ्या कामाला मी चांगला फ्रीलान्सर घेईन आणि पैसे टप्प्यांत देईन: तीस टक्के सुरुवातीला, चाळीस टक्के चाचणीची फाइल बिनचूक चढल्यावर, उरलेले तीस टक्के नवं सीआरएम पंधरा दिवस नीट चालल्यावर. शेवटचा हप्ता हातात असला की फोन उचलला जातो.

ग्राहकांची माहिती परक्या माणसाच्या लॅपटॉपवर जाणार आहे, हे विसरू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात ही माहिती सांभाळण्याची जबाबदारी व्यवसायावर आहे. तुम्ही काम दुसऱ्याला दिलं म्हणून ती त्याच्यावर जात नाही. सुरक्षिततेची वाजवी काळजी न घेतल्यास या कायद्यात कमाल दंड २५० कोटी रुपयांपर्यंत ठेवला आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. म्हणजे आज जो डेटा हलवाल तो या कायद्याच्या चौकटीत बसणारा हवा. एका पानाचा करार पुरेसा आहे: माहिती फक्त या कामासाठी वापरायची, व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल पाठवायची नाही, काम संपल्यावर सगळ्या प्रती पुसून तसं लेखी द्यायचं. वर्षानुवर्षं साठलेल्या ग्राहकांच्या आधारच्या झेरॉक्स आणि फोटो नव्या सीआरएममध्ये नेऊ नका. आरओ बसवायला कुणाचं आधार ठेवायची गरज नाही.

चढवण्याचा दिवस

दिवाळीचा हंगाम, मार्चअखेर आणि तुमच्या धंद्याची ऐन गर्दी टाळा. मुहूर्तापेक्षा मंदीचे दोन आठवडे महत्त्वाचे.

आधी पन्नास ओळींची चाचणी घ्या, आणि त्या पन्नास मुद्दाम वाकड्या निवडा: देवनागरी नाव, दोन मशीन असलेलं घर, लँडलाइन नंबर, संपलेला करार, अर्धवट पत्ता. सरळ ओळी चढतातच, त्यांच्यावरून काही कळत नाही. चाचणीआधी नव्या सीआरएममधले सगळे आपोआप जाणारे संदेश बंद करा. ते चालू राहिले तर जुन्याच पाच हजार ग्राहकांना ‘आमच्या परिवारात स्वागत’ असा मेसेज जातो. एका संदेशाला पाऊण रुपया धरला तरी पावणेचार हजार रुपये जातात, आणि दिवसभर फोन वाजत राहतो.

पूर्ण फाइल चढल्यावर आकडे जुळवा. किती ओळी पाठवल्या, किती चढल्या, किती नाकारल्या, या तिन्हींचा ताळमेळ बसलाच पाहिजे. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेत १५,८४१ कोविड रुग्णांच्या नोंदी अहवालातून सुटल्या होत्या. जुन्या एक्सेल प्रकारच्या फाइलमध्ये ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत आणि पुढच्या ओळी न सांगता गळाल्या. तुमच्या ओळी तितक्या नसतील, पण गळती तशीच गुपचूप होते आणि संख्या मोजल्याशिवाय सापडत नाही. मोजणीनंतर एकूण उधारीची रक्कम टॅलीशी जुळवा. पुढच्या बारा महिन्यांत कोणत्या महिन्यात किती करार संपतात ते जुन्या आणि नव्या दोन्हीकडून काढा आणि शेजारीशेजारी ठेवा. तारखा उलटल्या असतील तर त्या इथे लगेच उघड्या पडतात. शेवटी पंचवीस ग्राहक चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडा आणि त्यांची संपूर्ण नोंद सर्व्हिसच्या मुलांना वाचायला द्या. ती मुलं त्या घरांत जाऊन आलेली असतात, चूक त्यांच्या लगेच लक्षात येते.

जुनं सॉफ्टवेअर दोन महिने बघण्यापुरतं चालू ठेवा, पण त्यात नवी नोंद करणं पहिल्या दिवसापासून बंद. दोन्हीकडे नोंदी सुरू राहिल्या की पंधरा दिवसांनी कोणती खरी हे कुणालाच सांगता येत नाही.

नव्या सीआरएमचं भाडं वार्षिक भरलं तर बरंच स्वस्त पडतं, तरी पहिले दोन महिने मासिकच भरा. पहिल्या महिनाअखेरीला त्या नव्या सीआरएममधून तुमचा संपूर्ण डेटा, शेरे आणि फायलींसकट, एक्स्पोर्ट करून बघा. तो पूर्ण आणि वाचता येईल असा बाहेर आला तर वार्षिक पैसे भरायला हरकत नाही. नाही आला, तर जुनं सॉफ्टवेअर अजून चालू आहे आणि तुमचे जास्तीत जास्त दोन महिन्यांचे पैसे अडकलेले आहेत.